वर उरलेला एक

आमचं घर गुळाच्या दुकानावर होतं. खाली गूळ, वर आम्ही, आणि मधल्या लाकडी जिन्यावरून वास आणि मुंग्या दिवसभर वर येत असायच्या. बाहेरची माणसं जिना चढताना थांबून म्हणायची, काय गोड वास येतोय हो तुमच्याकडं. आम्हांला तो येतच नसे. कॉलेजात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरची मुलगी माझी ओढणी हुंगून म्हणाली की तुझ्या कपड्यांना काकवीचा वास येतो, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण असा वास घेऊन फिरतो. दोन दिवस मला त्याची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी तिनं डब्यातल्या शेंगाच्या पोळीचा अर्धा भाग मागून घेतला आणि मग ती लाज गेली ती कायमचीच.

सकाळी मला जाग यायची ती दोन आवाजांनी. खाली अप्पा रवा फोडायचे. रवा म्हणजे गुळाचा मोठा गड्डा, लहान मूल बसवता येईल एवढा. त्यावर लोखंडी पात्याचा पहिला घाव बसला की बद्द असा आवाज यायचा, मग जरा चढा, आणि शेवटी तो उलायचा तेव्हा आवाजच यायचा नाही. वर अव्वा भाकरी थापत असायची. तिचे हात आणि अप्पांचं पातं यांची मध्येच कधी तरी गाठ पडायची आणि दोघं थोडा वेळ एका ठेक्यात चालायची. अव्वा म्हणजे माझी आई. ती गडहिंग्लजच्याही पलीकडची, अर्धी कानडी. रागावली की मराठीत बोलायची आणि लाडात आली की कानडीत, त्यामुळं कानडी भाषेबद्दल माझं मत लहानपणापासून फार चांगलं आहे. घरात आम्ही तिघंच. अप्पांचे धाकटे भाऊ, आमचे चिक्काप्पा, गडमुडशिंगीला शेतावर राहायचे आणि लागेल तेव्हा दुकानात येऊन बसायचे.

दुकानात अप्पांची एक रीत होती. ताजव्यात एका पारड्यात माप, दुसऱ्यात गूळ. गुळाचं पारडं जरा खाली गेलं की ते हात काढून घ्यायचे. किलोच्या वर किती गेलं ते कधी बघायचे नाहीत. "वरचं गिऱ्हाइकाचं," असं म्हणायचे. त्यांच्या वडिलांच्या हाताखाली लागलेली सवय. पन्नास, वीस, दहा ग्रॅमची पितळी मापं आमच्याकडं होती, लाकडी खोक्यात, प्रत्येकाला आपापली खाच. पण ती वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर यायची, चिंचेनं घासून चकचकीत व्हायची, हळदकुंकू लावून घ्यायची आणि परत खोक्यात जायची. मी लहान असताना मला ती देवाचीच मापं वाटायची. देवाला थोडंथोडं तोलून लागत असेल, असं मी धरून चालले होते.

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. फार जोराचं नव्हतं. तोंड थोडं वाकडं झालं होतं ते महिन्याभरात सरळ झालं, पाय चालायला लागला, बोलणंही आलं. उजवा हात मात्र मागं राहिला. आमच्याकडं रोज लिंगपूजा. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं आणि उजव्या हातानं पूजा करायची. आता डावा तळहात अप्पांचा आणि पाणी घालणारा हात अव्वाचा असं झालं. विभूतीचे तीन पट्टे ते डाव्या हातानं ओढायचे, ते भुवईवर उतरायचे. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम म्हणून रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी खिडकीतून रस्त्यावर टाकला आणि समोरच्या पोरांनी त्याच्यावर पुढं दोन महिने क्रिकेट खेळून घेतलं.

हाताचं दुःख त्यांना नव्हतंच. त्यांना डोक्याची भीती बसली होती. पावकी, निमकी, दिडकी सगळं तोंडपाठ असलेला हा माणूस. पावणेसात किलोचा कसलाही हिशेब माणूस बोलून संपायच्या आत सांगायचा. तो आता मला विचारायचा, सतरा नव्वे त्रेपन्नाशेच ना गं, आणि मी हो म्हटलं तरी कॅल्क्युलेटरवर करून बघ म्हणायचा. पाढ्यातल्या बोलीत त्रेपन्नाशे म्हणजे एकशे त्रेपन्न, म्हणजे बरोबरच, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. एक दिवस हिशेब सांगताना जीभ अडखळली होती एवढंच. पण त्या दिवसापासून त्यांनी जिना उतरायचं सोडलं. खाट खिडकीशी ओढून घेतली आणि बसले. चिक्काप्पा शेत सोडून किती दिवस दुकान बघणार? त्यांनी एक दिवस जेवताना सरळ सांगितलं की दिवाळीपर्यंत दादा खाली बसणार असेल तर ठीक, नाही तर दुकान दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकू आणि तुम्ही सगळी मुडशिंगीला चला. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. अव्वानं त्यांना आणखी भात वाढला. अप्पांनी मान डोलावली, आणि मला तेच लागलं.

आमच्या कॉलेजात गणिताला कुंभोजकर बाई होत्या. उंच, किडकिडीत, सायकलवरून यायच्या आणि हजेरी घ्यायला विसरायच्या. एक दिवस त्यांनी फळ्यावर शेजारी शेजारी नुसते एक हे आकडे मांडले. दोन एक म्हणजे अकरा, ही संख्या फुटत नाही, म्हणजे तिला दुसऱ्या कशानं भाग जात नाही. तीन एक म्हणजे तीन गुणिले सदतीस. चार एक अकरांनी जातात. पाच एक म्हणजे एक्केचाळीस गुणिले दोनशे एकाहत्तर. सहा एक तर किती तरी आकड्यांनी. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. पुढं त्या म्हणाल्या की एकांची गणती सम असेल तर अकरांनी भाग जातोच आणि तिनाच्या पाढ्यातली असेल तर तिनांनी जातो, म्हणजे आठ, नऊ आणि दहा एकांचं काय ते आपल्याला ठाऊकच आहे. खरा प्रश्न उरतो तो अकरा एकांचा. ११११११११११११ असं लिहून त्यांनी शेवटचा एक पुसला, कारण तो बारावा झाला होता, आणि सगळा वर्ग हसला. ही फुटते की नाही ते घरून बघून या, म्हणाल्या, आणि हजेरी न घेताच निघून गेल्या.

आज कुठलाही मोबाइल हे डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सगळं सांगते तेव्हा ते माझ्याकडं, आम्ही चालत काशीला गेलो होतो असं कुणी सांगितल्यासारखं बघतात. पण तेव्हा आमच्याकडं वही आणि पेन होतं. कॉलेजातल्या कॅल्क्युलेटरांत आठ आकडे मावायचे, अकरा एक घातले की ते हात वर करायचे. मी ग्रंथालयातल्या एका पुस्तकातून दहा हजारांपर्यंतच्या मूळ संख्या उतरून आणल्या, म्हणजे ज्यांना स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कशानंच भाग जात नाही अशा. भागून बघायचं तर त्यांनीच. एक हजारापर्यंतच्या संख्यांनी मी हातानं भागाकार केले, जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एकानंही भाग जाईना. पुढच्या आठ हजारांपर्यंतच्या चार मैत्रिणींनी वाटून घेतल्या होत्या, त्यांतल्या दोघींची चिकाटी पहिल्या रविवारपर्यंत टिकली.

तेव्हा मला आठवला अप्पांचा दुकानातला कॅल्क्युलेटर. बारा आकड्यांचा, मोठ्या बटणांचा, व्यापाऱ्यांचा असतो तसा. तो मागायला गेले तर अप्पांनी विचारलं कशाला, आणि मी सांगितलं. त्यांना मूळ संख्या म्हणजे काय हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. ज्याला फोडताच येत न्हाय असा रवा, असं म्हणून त्यांनी ते संपवलं. मग म्हणाले, कॅल्क्युलेटर देत नाही, आकडे दे. मी रिकामाच बसलोय, मी बघतो. मी त्यांना आठ हजारांच्या पुढच्या संख्या काढून दिल्या. मधल्या मैत्रिणींकडं होत्या आणि मला वाटलं, अप्पांना तेवढ्यात कंटाळा येईल. अकरा एक त्यांनी कॅल्क्युलेटरच्या मेमरीत ठेवले आणि उजव्या हाताच्या तर्जनीनं एकेक बटण दाबायला सुरुवात केली. ते बोट एका बटणावर ठरायचं नाही. पाच दाबायला गेलं की आठावर जायचं. चुकलं की पुसायचे आणि परत. डाव्या हातानं करा म्हटलं तर म्हणाले, डावा हात अडाणी हाय.

असं बरेच दिवस चाललं. खाली चिक्काप्पांचा आवाज, वर बटणांचा टिकटिक आवाज, आणि मध्ये अव्वाचं, "फुटत न्हाय त्याला कशाला फोडायलाय बापलेकी मिळून?" हे तिनं दिवसातून एकदा तरी म्हणायचं असं ठरलेलं होतं. तिचा राग खोटा होता. अप्पांनी दुपारचं झोपणं सोडलं होतं आणि जेवणावर पुन्हा शेंगाची चटणी मागायला लागले होते, हे तिला माझ्या आधी दिसलं होतं.

एका सकाळी मी वेणी घालत असताना अप्पांनी हाक मारली. त्यांचा आवाज पूर्वीसारखा, दुकानातला होता. "गिरजा, फुटला गं. नऊ हजार एक्क्याण्णव." मी धावत गेले. त्यांनी आकडा दाखवायला घेतला तोवर कॅल्क्युलेटर आपोआप बंद झाला होता, पण ते म्हणाले की दोनदा करून बघितलंय, पॉइंटच्या पुढं शून्य, शून्य, शून्य. मला कॉलेजला उशीर होत होता आणि आनंदानं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी ९०९१ हा आकडा तळहातावर लिहून घेतला आणि निघाले. जिन्यात मागून अप्पांचं बोलणं ऐकू आलं. ते अव्वाकडं दाढीचं पाणी मागत होते.

कुंभोजकर बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि स्वतः भागाकार मांडला. बाई फार भराभर भागायच्या. १२२२२१० असा भागाकार आला आणि त्या थांबल्या. "गिरिजा, एक उरतोय," त्या म्हणाल्या. मी बघितलं. खरंच उरत होता. त्या रागावल्या नाहीत, उलट हसून म्हणाल्या की किती जवळ आली होतीस, पण जवळ येणं आणि भाग जाणं यांत फरक असतो. मला वर्गाची फिकीर नव्हती. माझ्या डोळ्यांपुढं दाढीचं पाणी होतं.

घरी आले तर व्हायचं ते होऊन गेलं होतं. अप्पा पांढरं धोतर नेसून, टोपी घालून दुकानात गादीवर बसले होते. चिक्काप्पा कौतुकानं बाजूला उभे. आल्यागेल्याला अप्पा मूठभर गूळ-शेंगदाणे देत होते आणि आमच्या पोरीच्या कॉलेजचा आकडा कसा फोडला ते सांगत होते. समोरचा भडंगवाला, वखारीतले हमाल, सगळ्यांना एव्हाना नऊ हजार एक्क्याण्णव पाठ झाले होते. वर अव्वानं शेंगाच्या पोळ्या करायला घेतल्या होत्या. मी एक पोळी खाल्ली. ती चांगली झाली होती, पण मी दुसरी घेतली नाही. अप्पा जेवायला वर आले तेव्हा मी सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे, असं मला वाटलं. एक उरतोय अप्पा, म्हटलं.

त्यांनी घास ताटात परत ठेवला. डोकं गेलंच म्हणायचं, असं काहीसं बोलले आणि हात धुवून खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी खाली गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. विभूतीसुद्धा लावली नाही, आणि आमच्या घरात कपाळ मोकळं असणं म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. चिक्काप्पा जिन्यात माझ्याशी हळू आवाजात दिवाळीबद्दल बोलले. मला त्या अकरा एकांचा इतका राग आला की मी कॅलेंडरचे सगळे कागद गुंडाळून चुलीपाशी ठेवले.

ते तिथून उचलले अव्वानं. लिहिलेलं तिला वाचता येत असे, पण भागाकारात काय चाललंय ते समजत नसे. तिनं मला विचारलं की एक उरतो म्हणजे नेमकं काय झालं. मी कॅल्क्युलेटर काढून तिला करून दाखवलं: १२२२२१०.०००१. पॉइंटच्या पुढं तीन शून्यं आणि मग एक. ती बराच वेळ त्या शेवटच्या आकड्याकडं बघत राहिली. मग कॅल्क्युलेटर घेऊन खाटेपाशी गेली आणि पदर खोचून उभी राहिली.

"ह्यो एक तुमाला त्या दिवशी दिसला हुता का न्हाय?"

अप्पांनी भिंतीकडं बघतच उत्तर दिलं. "दिसला हुता की."

"मग?"

"मग काय? तीन शून्यं म्हंजे ग्रॅमपतोर आलं. त्याच्या फुडचं कोण धरतंय? वरचं म्हणून सोडलं."

"मंजे डोकं गेलं न्हाय," अव्वा म्हणाली. "दिसलं आणि सोडलं. चाळीस वर्सं त्येच करत आलायसा. उठा, च्या घ्या."

मग खाटेवर काही तरी हलल्यासारखं झालं. मला वाटलं अप्पा रडतायत, म्हणून मी पुढं झाले, तर ते हसत होते. आवाज न करता, पोट हलवून, तोंडावर उशी घेऊन हसत होते. वारं गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मीही हसायला लागले, आणि अव्वा आम्हा दोघांना कानडीत काही तरी बोलली. कानडीत बोलली, म्हणजे काळजी मिटली होती.

चहा पिताना मी त्यांना सांगितलं की तुमचा आकडा अगदीच वाया गेलेला नाही. शेवटचा एक सोडला तर उरतात दहा एक आणि वर शून्य. शून्य काढून टाका, म्हणजे तुम्ही दहा एकांची संख्या फोडलीत. मला हजाराच्या आत अकरा, एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर यांनी भागताना बाकी एकच उरली होती, तेव्हा त्याचं कारण सुचलं नव्हतं. ते तीन आणि तुमचा ९०९१, चौघांचा गुणाकार केला की बरोबर दहा एक येतात. मी तो कागदावर करून दाखवला. अप्पा कागद डोळ्यांजवळ धरून बघत राहिले. कुणाच्या तरी रव्याऐवजी कुणाचा तरी रवा फोडला म्हणायचा, म्हणाले, पण फोडला.

आणि मग त्यांची ती खोड पुन्हा वर आली. आकडा दिसला की वरचं सोडायचं. "नऊ हजार एक्क्याण्णव. एक सोडला तर नऊ हजार नव्वद," असं ते स्वतःशीच बोलले. "दहा एकाचा आकडा, त्यो बी दहाच्याच पाढ्यातला की." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, पाच एकाचं काय हुतं? एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर, मी सांगितलं. एक सोडला की चाळीस आणि दोनशे सत्तर, दोन्ही पाचाचे. माझ्या हातातला चहा गार व्हायला लागला. सात एकांचे २३९ आणि ४६४९. एक सोडून २३८ आणि ४६४८. मी सातानं भागून बघितलं. दोन्ही गेले, पूर्ण, पॉइंटच्या पुढं काहीच नाही. तीन एकांतल्या सदतिसातून एक गेला की छत्तीस, तिनाचे. मी म्हटलं, पण तीन एकांना तीन या आकड्यानंही भाग जातो, आणि तिनातून एक गेला की दोन उरतात. "त्यो तीन घरातलाच, त्याला कशाला नियम," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कुंभोजकर बाईंपुढं हे मांडलं तेव्हा त्यांनी सायकलला स्टँड लावलं आणि तिथंच पायरीवर बसल्या. हा जुना, सिद्ध झालेला नियम आहे, म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षी मी तुम्हांला तो सिद्धतेसकट शिकवणारच होते. अकरा एकांना भाग जाणारी कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्यातून एक काढला तर अकरांनी भाग जायला हवा, आणि ती विषम असल्यामुळं बाविसांनी. तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरी सोडून द्यायची पद्धत आहे. त्यांना ते कळलं नाही, पण त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून आठवते. गणित घेऊन पुढं शिकायचं हे मी त्या पायरीवर ठरवलं.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते आठवलं की मला आजही बरं वाटतं. यादीची गरजच उरली नव्हती. तेवीसपासून सुरुवात करायची आणि दर वेळी बावीस मिळवत जायचं. पंचेचाळीस, सदुसष्ट, एकोणनव्वद. तिनांनी किंवा पाचांनी जाणारे आकडे मी ओरडून वगळायची. बावीस मिळवायचं काम अव्वानं मागितलं. हो, तिनंच मागितलं, नाही तर तुम्ही दोघं परत काही तरी सोडाल, म्हणाली. ती भाकरी थापता थापता ओठांतल्या ओठांत "इप्पत्तेरडु" म्हणायची, म्हणजे बावीस, आणि मग बेरीज आमच्यासाठी मोठ्यानं मराठीत सांगायची. अप्पा बटणं दाबायचे. पॉइंटच्या पुढं काय आहे ते त्यांनी शेवटच्या आकड्यापर्यंत वाचायचं असा तिचा हुकूम होता. ते वाचायचे, आणि पुढचा आकडा मागायचे. संध्याकाळी आम्ही तिघं दूध कट्ट्यावर जायचो. म्हशीचं धारोष्ण दूध पेल्यात घेऊन अप्पा तिथल्या गर्दीतही विचारायचे, "कुठं थांबलो गं आपण?" आणि अव्वा ओठावर मिशीसारखा लागलेला फेस पुसत आकडा सांगायची. लोक वळून बघायचे. उजवं बोट आता पाचावर ठेवलं की पाचावरच पडत होतं. कुणीही ते मोठ्यानं बोललं नाही, डॉक्टरांनीच एकदा विचारलं की चेंडूचा व्यायाम चालू आहे वाटतं. अप्पा व्हय म्हणाले.

दहा हजार ओलांडले, पंधरा हजार ओलांडले. चिक्काप्पांनी दिवाळीचं नाव काढायचं बंद केलं होतं, पण ती येतच होती. एका रविवारी दुपारी अव्वा शेंगा फोडत बसली होती. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास." अप्पांनी बटणं दाबली. अव्वानं पुढचा आकडा सांगितला तरी त्यांचं बोट पुढच्या बटणावर गेलं नाही.

"गिरजा, हिकडं ये," ते म्हणाले. "पॉइंटच्या फुडं काय हाय ते तू बघ. माझं डोळं वरचं सोडून देनारं हायत."

मी वाकून बघितलं. ५१३२३९. पुढं पॉइंट, आणि पॉइंटच्या पुढं नुसती काच. काही नाही अप्पा, म्हटलं. नीट बघ, म्हणाले. नीट बघितलं, काही नाही. तरी त्यांचं समाधान झालं नाही. हातानं गुणाकार कर, म्हणाले. मी कॅलेंडरच्या पाठीवर तो मांडला, आणि ते माझ्या खांद्यावरून बघत राहिले. बेरीज करताना उजवीकडून एक आला, मग एक, मग आणखी एक, प्रत्येक वेळी हातचे धरून खाली एकच. मला हसू आवरेना. शेवटचा एक लिहिला तेव्हा अप्पांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटानं ते एक मोजले. अकरा भरले. अव्वा सूप बाजूला ठेवून उठली आणि तिनं दोघांच्या तोंडात गूळ घातला.

पुढं मी गणित शिकले, वारणानगरला कॉलेजात शिकवायला लागले, आणि एकोणीस एकांची संख्या कशानंच फुटत नाही हे मला कळलं तेव्हा मुद्दाम एसटीनं येऊन अप्पांना सांगितलं. त्यांना ते आवडलं. "असू दे की एखादं," म्हणाले. पण ते खूप नंतरचं. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा खाली बद्द असा आवाज झाला होता. मी उठून जिन्यात गेले. अप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते, उजव्या हातानं ओढलेले, जरा वाकडे, पण भुवयांच्या वर. पातं चिक्काप्पांच्या हातात होतं आणि गादीवर अप्पा होते.

पहिलं गिऱ्हाईक कुणी तरी बाहेरगावचं होतं, घरात लग्न निघालेलं. त्यानं पाच किलो मागितला. चिक्काप्पांनी गूळ पारड्यात टाकला, पारडं खाली गेलं, आणि सवयीनं त्यांनी पाच धरून हात काढून घेतला. अप्पांनी त्यांना थांबवलं. मागं वळून फळीवरचं लाकडी खोकं काढलं आणि खंडेनवमीची ती पितळी मापं उजव्या हातानं एकेक करून दुसऱ्या पारड्यात ठेवायला लागले. पन्नासाचं ठेवलं, मग विसाचं. एकही माप पडलं नाही. पारडी समान झाली. तो माणूस तोंड पाडून बघत होता. आजारातून उठलेला शेट चिकट झालेला दिसतो, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"पाच किलो आणि वर सत्तर ग्रॅम," अप्पा म्हणाले. मग त्यांनी मापं उचलून पुन्हा आपापल्या खाचेत ठेवली आणि गूळ कागदात बांधून त्याच्यापुढं सरकवला. "पाचच धरलंय. वरचं तुमचं, पावणं. पर वर हाय, ते मला दिसलंय."